असे समजते

सोमवारी दुसऱ्या तासाला टपाल आलं, त्यात मंडळाचं वार्तापत्र होतं, आणि ते वाचता वाचता भीमराज जगधनेचा चहा कपातच निवून गेला. आता त्या वार्तापत्रात असतं तरी काय! ‘मंडळाच्या शाळांच्या प्रमुखांसाठी बातम्या व मार्गदर्शन’ असं वर ठसठशीत लिहायचं, आणि खाली सायक्लोस्टाइलवर काढलेली दोन पानं, हात लावला की बोटं काळी. पाण्याच्या टाक्या दिवाळीच्या सुट्टीत धुऊन घ्याव्यात. अमक्या शाळेच्या मुलीला वक्तृत्वात दुसरं बक्षीस. तमके प्रमुख निवृत्त झाले, देव त्यांना आरोग्य देवो. दर महिन्याला यायचं, आणि दर महिन्याला भीमराज त्यावर सही ठोकून ते फायलीला लावायचा. या वेळी सहीसाठी पेन उघडलं आणि नजर चौथ्या कलमावर पडली. ‘आपल्या एका उपनगरी शाळेत सकाळची प्रार्थना प्रमुख स्वतः घेत नाहीत, असे समजते. सर्व प्रमुखांनी या बाबीचा विचार करावा.’ बस, एवढंच. पाचव्या कलमात लगेच संडासांच्या फिनेलची गोष्ट. भीमराजनं चौथं कलम पुन्हा वाचलं. नाव नव्हतं. पण नाव हवंय कशाला? मंडळाच्या अकरा शाळा, त्यांतल्या पाच उपनगरांत, आणि त्या पाचांत प्रार्थना न घेणारा प्रमुख एकच. तो इथं या खुर्चीत बसलाय. आणि ‘समजते’ म्हणजे काय? कुणाकडून समजते? फोर्टात ऑफिसात बसलेल्या माणसाला भांडुपमधलं आपोआप थोडंच समजतं! कुणीतरी जाऊन सांगितल्याशिवाय समजत नाही.

शाळा तशी जुनी. विलायतेतल्या चर्चच्या पाद्र्यांनी काढलेली, मराठी माध्यमाची, सेंट कथबर्ट हायस्कूल. ते नाव कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही, सगळं भांडुप तिला मिशनची शाळा म्हणतं. पाद्री केव्हाच गेले, मंडळ राहिलं आणि मंडळाचे कागद राहिले. मुलांत निम्मी कोकणातली, निम्मी घाटावरची, ख्रिस्ती मुलं सगळी मिळून तीस-पस्तीस. तरी सकाळी प्रभूची प्रार्थना व्हायचीच, आणि ती मुख्याध्यापकानं चौथऱ्यावर उभं राहून सांगायची आणि मुलांनी मागून म्हणायची ही शंभर वर्षांची रीत. भीमराज इथं वीस वर्षं गणित शिकवत होता. गेल्या जानेवारीत प्रभारी मुख्याध्यापक झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी तो प्रेमाबाईंना म्हणाला, "बाई, प्रार्थना तुम्ही घ्या." प्रेमाबाई रणनवरे, मराठी शिकवणाऱ्या, नगरकडच्या ख्रिस्ती. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. का, कशाला, काही नाही. तेव्हापासून त्या पुढं माइकपाशी आणि भीमराज त्यांच्या मागं दोन पावलांवर, हात सरळ खाली सोडून, असं चाललं होतं. आठ महिने कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि आता, सप्टेंबरातल्या या सोमवारी, ‘असे समजते’. शनिवारी मंडळाची सभा होती. भीमराजला कायम करायचं की बाहेरून माणूस आणून बसवायचा, हे त्या सभेत ठरणार होतं. म्हणजे चौथं कलम अगदी मुहूर्त बघून आलं होतं.

हात का जोडत नाही, हे त्यानं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. छप्पन साली बापानं त्याला नागपूरला नेलं होतं. तो तेरा वर्षांचा होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसंच माणसं, पायाखालची माती दिसत नव्हती, आणि सगळ्यांबरोबर त्यानंही प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. गळा बसेस्तोवर ओरडला होता. परतताना बाप म्हणाला होता, "म्हटलंस ना? आता कुणी किती मोठा असू दे, त्याच्या देवापुढं हात जोडायचे नाहीत." बाप साकीनाक्याच्या वर्कशॉपात लोखंड घासून घासून गेला, पण त्यानं कधी जोडले नाहीत. बापाचं दुसरंही काही भीमराजच्या अंगात उतरलं होतं. गावात असताना पाटलाच्या घरचा तांब्या हरवला, की पहिली चौकशी बापाकडं. तांब्या हौदात सापडला तरी कुणी येऊन सांगायचं नाही की सापडला बाबा. मग बापाला सवयच लागली, चार माणसं कुजबुजताना दिसली की आपल्याबद्दलच असणार. आणि वाईट हे, की बहुतेक वेळा आपल्याबद्दलच असायचं! ज्याच्यावर जन्मभर संशय घेतला जातो, त्याला संशय घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. भीमराज मुलुंडला खोली बघायला गेला तर आधी पूर्ण नाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग म्हणायचे, खोली कालच गेली हो. तो ऐकता ऐकताच ओळखायला शिकला होता, कुठल्या वाक्यापाशी माणसाचा आवाज बदलतो ते.

सोमवार दुपार त्यानं दत्तारामवर घालवली. दत्ताराम शाळेचा शिपाई, मालवणकडचा, मिलमध्ये होता, संप झाला आणि इकडं आला. दर शुक्रवारी शाळेचं टपाल घेऊन फोर्टात मंडळाच्या ऑफिसात जायचा आणि तिथल्या शिपायांबरोबर तासभर बसून यायचा. तो काय गप्पा मारत असेल? "दत्ताराम, तिकडं शाळेबद्दल कुणी काही विचारतं का रे?" भीमराजनं सहज विचारल्यासारखं विचारलं. "माका कोण इचारतलो सायबानू? तेंका चाय व्हयी, माका बसूक खुर्ची व्हयी." दत्तारामचा आवाज कुठंच बदलला नाही. मंगळवारी क्लार्क श्यामकांतची पाळी. तो तीन वेळा आत आला आणि तिन्ही वेळा टेबलावरच्या वार्तापत्राकडं त्याची नजर गेली, असं भीमराजला वाटलं. मग लक्षात आलं, की वार्तापत्र भीमराजनंच पेपरवेटखाली असं उघडं ठेवलंय की येणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये. त्यानं ते ड्रॉवरमध्ये टाकलं. पाच मिनिटांनी पुन्हा काढून वाचलं.

तो टाळत होता ते नाव मंगळवारी संध्याकाळी घरी जेवताना त्याच्याच तोंडून निघालं. "प्रेमाबाई दर रविवारी चर्चला जातात. मंडळाचा सचिव, तो रेव्हरंड, तोही त्याच चर्चला येतो." कमल, त्याची बायको, भाकरी थापता थापता थांबली. "अहो, वेड लागलंय का? प्रेमाताई? आपल्याला ही खोली कुणी मिळवून दिली?" हे भीमराजला आठवत नव्हतं असं नाही. उलट फार आठवत होतं. पासष्ट साली तो शाळेत नवा होता, भांडुपला एकही घरमालक दारात उभा करत नव्हता, तेव्हा प्रेमा रणनवरे त्याच्याबरोबर चालत आली आणि घरमालकाला ठणकावून म्हणाली, "माझा मावसभाऊ आहे." रणनवरे आणि जगधने मावसभाऊ कसे, असं घरमालकानं विचारल्यावर म्हणाली, "तुमच्यात मावश्या नसतात का?" जिन्यावरून उतरताना दोघं हसून हसून बेजार. "खोटं बोललीस की गं, ख्रिस्ती असून," तो म्हणाला होता. "रविवारी देवाला सांगून टाकीन. तू सामान आण." आणि खरं म्हणजे ते फार खोटंही नव्हतं. दोन पिढ्या मागं गेलं तर दोघांची घरं गावकुसाबाहेर एकाच रांगेत निघाली असती. तिच्या आजोबांनी एक वाट धरली, याच्या बापानं दुसरी. "तुम्हाला ना सगळ्यात काळंबेरंच दिसतं," कमल म्हणाली आणि भाकरी उलटली. रात्रभर त्याच्या मनात पाल चुकचुकत राहिली. जानेवारीत खुर्ची खरं तर प्रेमाबाईंची होती, दोन वर्षांनी सीनियर त्या. त्यांनी लेखी नकार दिला, ‘नको बाबा ती डोकेदुखी’ म्हणाल्या. पण खुर्ची समोर आल्यावर कोण खरंच नको म्हणतं? की आधी नको म्हणायचं, याला बसू द्यायचं, पडू द्यायचं, आणि मग मंडळानं हात जोडून बोलवायचं? आणि त्या दिवसापासून चारचौघांत काय, एकटं असतानाही बाई त्याला ‘सर’ म्हणायला लागल्या, ‘तुम्ही’ म्हणायला लागल्या. तो खूश झाला होता तेव्हा. मान देते म्हणून! अरे, तो मान होता की अंतर होतं?

बुधवारी मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दारात गेला. आत प्रेमाबाई आणि आणखी चौघीजणी काहीतरी बोलत होत्या. तो दिसताच बोलणं थांबलं. मुख्याध्यापक दारात आल्यावर कुठल्या शाळेत बोलणं थांबत नाही? त्यानं स्वतः वीस वर्षं हेच केलं होतं, हेड आले की डबा झाकायचा आणि वही उघडायची. पण त्या क्षणी ते त्याला आठवलं नाही. त्याला गावातली चार माणसं आठवली आणि हौदातला तांब्या आठवला. "बाई," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका शांत कसा याचं त्यालाच नवल वाटलं, "शाळेतल्या गोष्टी रविवारी कुणाच्या कानात घालायच्या असतील, तर आधी मला सांगत चला. आणि उद्यापासून प्रार्थना मी घेईन." कुणाचा तरी चमचा डब्यात पडला. प्रेमाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, सापडली म्हणता आलं असतं. "माझ्याबद्दल म्हणताय, सर?" त्यांनी विचारलं. "ज्यांना कळायचं त्यांना कळलंय." "नाही, मला कळलं नाही. पण तोंडावर बोललात, बरं केलंत." एवढं म्हणून त्यांनी खडू उचलला आणि तास नसताना वर्गाकडं निघून गेल्या.

गुरुवारी सकाळी तो चौथऱ्यावर चढला. सातशे मुलं, ओळीत, बगळ्यांसारखी मान वर करून. माइक त्याच्या उंचीपेक्षा खाली होता, तो त्यानं वर घेतला, त्याची करकर सगळ्या मैदानभर गेली. आणि त्यानं हात जोडले. त्याला वाटलं होतं शब्द अडतील, जीभ जड होईल, बाप कुठूनतरी बघत असेल. छे! वीस वर्षं ऐकून ऐकून प्रार्थना इतकी पाठ झाली होती की शब्द आपोआप पुढं आले, मुलं मागून म्हणाली, पुढचे शब्द आले, मुलं म्हणाली. दीड मिनिटात संपलं. इतकं सोपं होतं हे? याच्यासाठी बाप जन्मभर ताठ उभा राहिला? प्रार्थना संपली तरी भीमराजला जोडलेले हात सोडायचं भान राहिलं नाही. त्यानं डोळे उघडले, शिक्षकांच्या रांगेकडं पाहिलं. प्रेमाबाई रांगेच्या टोकाला होत्या. त्यांचे हात जोडलेले नव्हते, डोळे उघडे होते, आणि त्या त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघत होत्या. बघ म्हणावं, तो मनात म्हणाला, बघ आणि जाऊन सांग, आता प्रमुख स्वतः प्रार्थना घेतात असे समजते म्हणून. दिवसभर तो शाळेतल्या आपल्या खोलीतच बसून राहिला. दुपारी फोर्टातून फोन आला. सचिव रेव्हरंड होते, म्हणाले, "जगधने, उद्या दुपारी येऊन जाता का? शनिवारच्या आधी जरा बोलू." जरा बोलू! कुठंतरी पाणी मुरत होतं, नक्की.

शुक्रवारी दत्ताराम टपालाची पिशवी घेऊन सही घ्यायला आला, आणि भीमराजला पिशवीच्या तोंडाशी एक पांढरा लिफाफा दिसला. ‘मा. सचिव, शाळा मंडळ.’ वळणदार, टपोरं अक्षर. ते अक्षर त्यानं वीस वर्षं फळ्यावर, टाचणवहीत, सुविचाराच्या बोर्डावर बघितलं होतं. "हे कुणी दिलं?" "बायनी दिल्यानी. म्हटल्यानी, हापिसात दी." दत्तारामनं पिशवी पुढं केली. भीमराजच्या छातीत धडधडायला लागलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या धडधडण्यात आनंद होता. आलं ना हाती! चार दिवस ज्याच्या मागं तो लागला होता ते असं आपल्या पायांनी टेबलावर आलं होतं. "ठेव इथं. मी जातोच आहे फोर्टला. तू नको जाऊस आज." दत्ताराम खूश होऊन गेला. दार लोटून भीमराजनं लिफाफा खिडकीशी उजेडात धरला. आत दोन घड्यांचा कागद, अक्षरं एकमेकांवर पडलेली, एकच शब्द लागला, ‘सर’. गोंद नीट चिकटलेला नव्हता. चहाच्या कपाची वाफ पुरली असती. त्यानं नख गोंदाखाली घातलंसुद्धा. मग काढून घेतलं. त्याच्या बापानं कुणाचा तांब्या उचलला नव्हता. तो लिफाफा शर्टाच्या खिशात ठेवून तो निघाला. भांडुप ते व्हीटी त्यानं खिशावरचा हात काढला नाही, आणि वाटभर पत्र मनातल्या मनात स्वतःच लिहीत गेला. ‘सरांना आपल्या श्रद्धेविषयी आदर नाही.’ ‘सरांनी मला सर्वांसमोर अपमानित केले.’ ‘शाळेच्या परंपरेच्या दृष्टीने सरांना कायम करणे.’ प्रत्येक वाक्य प्रेमाबाईंच्या शुद्ध मराठीत, एकाही चुकीशिवाय. आपली फाशी आपणच घेऊन चाललोय, असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःशीच हसला.

सचिव रेव्हरंड वयस्कर होते, जाड काचांचा चष्मा, टेबलावर कागदांचा नुसता ढीग. "बसा, बसा. शनिवारचं तसं ठरल्यासारखंच आहे, सगळे तुमच्या बाजूनं आहेत. मी बोलावलं वेगळ्याच कामासाठी. वार्तापत्रात तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्यात, तुमची परवानगी हवी होती." भीमराजला वाटलं आपण ऐकण्यात चुकतोय. "चार ओळी लिहिल्यात की आधीच. कलम चौथं." "हां, ते! जागाच नव्हती हो, टायपिस्टनं कापून कापून ते तेवढंच ठेवलं." त्यांनी ढिगातून एक फॉर्म ओढून काढला. जूनमध्ये सगळ्या प्रमुखांकडून भरून घेतलेला, तेवीस प्रश्नांचा. सोळावा प्रश्न: दैनिक प्रार्थना कोण घेते? आणि खाली भीमराजच्याच हातचं, निळ्या शाईतलं उत्तर. ‘प्रार्थना श्रीमती रणनवरे घेतात. मी बौद्ध असल्याने शांत उभा राहतो.’ जून महिना. प्रवेश, टाइमटेबल, गळकं छप्पर, आणि त्या गर्दीत भरलेले सतरा फॉर्म. खरं लिहिलं होतं, म्हणून विसरून गेला होता. खोटं लिहिलं असतं तर पक्कं लक्षात राहिलं असतं. "चार शाळांत आपले प्रमुख ख्रिस्ती नाहीत," रेव्हरंड सांगत होते, "बाकी तिघांनी लिहिलंय, मोठ्या भक्तिभावाने घेतो. एकानं तर दोनदा घेतो म्हणून लिहिलंय! म्हटलं, या लोकांना सांगावं, असं मन मारू नका, जगधनेंचं बघा." भीमराज फॉर्मकडं बघत राहिला. आठवडाभर तो ज्या माणसाला शोधत होता त्याची सही खाली होती, तारखेसकट.

त्यानं खिशातून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. काय म्हणून ठेवला हे त्यालाही सांगता आलं नसतं, द्यायचा होता म्हणून दिला. रेव्हरंडांनी फोडला, वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय? तुम्ही प्रार्थना घ्यायला लागलात?" त्यांनी कागद त्याच्याकडं सरकवला. पत्र सात-आठ ओळींचं होतं. ‘मंडळाने जगधने सरांना प्रार्थना घेण्याची सक्ती केली आहे, असे मला वाटते. काल त्यांनी ती घेतली. मी त्यांना वीस वर्षे ओळखते. त्यांना काय झाले ते मी समोर उभी राहून पाहिले, आणि माझ्याच्याने प्रार्थना म्हणवली नाही. एखाद्याला असे वाकवून म्हणवलेली प्रार्थना आपल्या प्रभूला नको असावी. कृपा करून त्यांना यातून मोकळे करावे. त्यासाठी कुणाची नोकरी पणाला लागत असेल तर ती माझी लागावी.’ खाली सही. बुधवारबद्दल एक अक्षर नव्हतं. भीमराजनं ते पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं, कुठं आवाज बदलतो ते शोधलं. कुठंच बदलत नव्हता. प्रेमाबाईंनी त्याच्याबद्दल मंडळाला कळवलं होतं, त्याचा संशय शेवटी खरा ठरला होता, आणि त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं. रेव्हरंडांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "सक्ती आम्ही नाही केली, जगधने. कुणी केली?" भीमराज म्हणाला, "मीच."

परत येऊन तो घरी गेलाच नाही, सरळ प्रेमाबाईंकडं गेला. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची दोन खोल्यांची जागा, दार उघडं, ऊन अजून उंबऱ्यावर होतं. त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. तो उभ्याउभ्याच बोलायला लागला. फॉर्म, सोळावा प्रश्न, वार्तापत्र, खिडकीशी धरलेला लिफाफा, गोंदाखाली घातलेलं नख, सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. "मी तुमच्यावर संशय घेतला, बाई. तुमच्यावर! मला माफ करा." प्रेमाबाईंनी हातातली काडी बाजूला टाकली. "केलं," त्या म्हणाल्या. "ते मला जड नाही जात. तुम्ही बसा आधी." तो वेताच्या मोड्यावर बसला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं, इतकं, की तो जवळजवळ हसला. "मग सोमवारपासून पुन्हा तुम्हीच घ्या. होतं तसं." प्रेमाबाईंनी मेथीची दुसरी जुडी उचलली आणि न सोडताच खाली ठेवली.

"नाही, सर. दुसरं कुणी बघा."

"का? आता तर सगळं..."

"प्रार्थना म्हणताना मी डोळे मिटते ना. तुम्ही मागं उभे असायचात. आठ महिने एकदाही मनात आलं नाही, मागं कोण आहे, काय बघतंय." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच फार वाईट होतं. "आता येईल. मी नको म्हटलं तरी येईल. आणि तसले मिटलेले डोळे काय कामाचे?"

हे कसं असतं ते भीमराजइतकं कुणाला ठाऊक होतं! आतून कुठूनतरी बापाचा खोकला ऐकू आल्यासारखं वाटलं त्याला. ते माणूस जन्मभर कुणाकडं पाठ करून बसलं नव्हतं, जेवायला बसतानासुद्धा पाठीशी भिंत घेऊन बसायचं. हा रोग तो आता दुसऱ्याच्या घरात ठेवून चालला होता, जिनं त्याला कधीकाळी घर मिळवून दिलं होतं तिच्या घरात.

"पाणी आणते," प्रेमाबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसत उठल्या. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. दाराशी पोचल्या, आणि आत शिरायच्या आधी त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.